सातव्या भागातले निळे लोक

केप्याच्या कॉलेजात, दुपारी, पडदे ओढून
मी सातवा भाग लावते.
दरवर्षी लावते. पेपर तिसरा,
कथन आणि प्रतिनिधित्व, वीस गुण.

प्रिंट जुनी, रंग ओघळलेले.
यान उतरतं, म्हणजे पत्र्याचा डबा
तारेवरून खाली येतो, आणि तार दिसते.
मुलं हसतात. हसू द्यावं.
दार उघडतं. कप्तान लाल मातीवर बूट ठेवतो
आणि म्हणतो, इथे कुणी नाही.

इथे मी थांबवते.
कॅमेरा कुठे आहे?
त्याच्या खांद्यामागे, टीचर.
मग आपण कुठे आहोत?
कुणी बोलत नाही, तर मीच सांगते :
आपणही यानातूनच उतरलो.
वह्यांत उतरतं ते वाक्य, तारखेखाली.

मग कड्यावर ते येतात. निळे.
एकवीस जण, कपाळाला अँटेनाचे तुकडे बांधलेले.
कप्तानाला नाव आहे, यंत्रमानवाला नाव आहे,
यानातल्या मांजरालासुद्धा आहे.
यांना शेवटच्या पाटीवर दोन शब्द : आणि ग्रहवासी.
बोलते एकच बाई. तिचा चेहरा अर्धा,
उरलेल्या अर्ध्यात कप्तानाचा कान.
मागून ऑर्गन जोरात. ती काहीतरी म्हणते,
खाली अक्षरं उमटतात :
'तारकांच्या पुत्रांनो, आमचं पाणी तुमचंच.'

या एका ओळीवर मी अकरा वर्षं शिकवलं.
येणाऱ्याला नेहमी असंच स्वप्न पडतं, म्हटलं,
की आपली वाट कुणी आधीपासून पाहत होतं.
आणि ती बोलते ती भाषा?
बनवलेली, म्हटलं. टेप उलटी फिरवली असेल.

यंदा मागच्या बाकावरून गोकुळ वेळीप उठला, रिवणचा.
वर्षभर हजेरीपुरतं तोंड उघडणारा.
टीचर, परत लावा. आवाज वाढवा.
लावला.
ती म्हणटा, पांय भाजतात गो,
केन्ना सोंपतलें हें?

पुन्हा लावला. पुन्हा तेच.

आणि हा ग्रह म्हणजे आमची खाण, तो म्हणाला.
मागची टेकडी आता नाही. बार्जीत भरून गेली.
तिच्या जागी तळं आहे, हिरवं.
आमची म्हैस पडली होती त्यात.

मला कोकणी येते.
शनिवारी मी याच भाषेत बांगड्यांवरून हुज्जत घालते.
अकरा वर्षं मी खालची अक्षरं वाचत होते.

सत्यवती वेळीप अजून आहेत, रिवणच्या वरच्या वाड्यावर.
लॅपटॉप घेऊन गेले. त्यांनी काजूची बोंडं निवडता निवडता
एक डोळा इकडे केला.
पंधरा रुपये दिले होते, आणि पावभाजी.
चपला घालू दिल्या नाहीत,
ग्रहावर चपला नसतात म्हणून.
रंग केरोसीननेही गेला नाही, आठवडाभर
निळ्या हातांनी भाकऱ्या थापल्या.
पाण्याचं वाचून दाखवलं तेव्हा त्या हसल्या.
पाणी? पाणी आम्हीच त्यांच्याकडे मागत होतो.

मला विचारायचं होतं पुष्कळ,
कसं वाटलं, कसं वाटतं, असलं काहीबाही.
त्यांनी पडद्यावरचं स्वतःचं तोंड पाहिलंच नाही.
चौकटीच्या डाव्या कडेला एक निळं कोपर होतं,
मला कधी न दिसलेलं.
द्रोपदी, त्या म्हणाल्या. म्हजी भयण.
हें मातशें कुशीक कर, ती दिसची.

मी म्हटलं, करता येत नाही.
त्यांनी लॅपटॉपच करकचून उजवीकडे सरकवला
आणि कडेच्या बाहेर, रिकाम्या झालेल्या शेणाच्या जमिनीवर
बोंडाच्या रसाने चिकट झालेलं बोट टेकलं.
हांगा, त्या म्हणाल्या.
हांगा आशिल्ली ती.